जित्याचा टाक

आमच्या देवघरात हवालदारकाकांचा टाक होता आणि खुद्द हवालदारकाका बाहेर ओटीवर बसून दाढी करत असत. आई आत टाकाला गंध लावायची आणि त्याच हाताने बाहेर त्यांना चहा नेऊन द्यायची. त्यात काही वावगं आहे असं आमच्या घरात कोणी बोलत नसे. ज्यांच्याकडे टाक पुजतात त्यांना वेगळं सांगायला नको, पण ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. टाक म्हणजे ठसा उठवलेला चांदीचा लहानसा पत्रा. खंडोबाचा असतो, भवानीचा असतो आणि घरातून गेलेल्या माणसांचाही असतो. लढाईत किंवा अपघाताने गेलेला पुरुष आमच्याकडे वीर होतो. घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला असा त्याचा ठसा असतो. हवालदारकाका असे वीर होऊन देवघरात बसले होते. अडचण एवढीच होती की ते मेलेले नव्हते.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. धसईपासून थोडं आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. पलटणीतून ते पेन्शनवर आले तेव्हा गावाने त्यांना परस्पर सुभेदार करून टाकलं. त्यांना ते खपत नसे. कोणी सुभेदार म्हटलं की रस्त्यात थांबून सांगत, "हवालदार. पेन्शन हवालदाराचीच येते, विचार पोस्टात." टाकावरच्या घोड्यावरही त्यांचा राग होता. "मी पायदळातला माणूस. घोड्याला कंदी चाराबी घातला नाय. मुरबाडच्या सोनाराने परस्पर घोडा दिला," असं म्हणायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. थट्टा करण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. फक्त ती थट्टा नेहमी त्यांच्या स्वतःच्याच मरणाची असे, त्यामुळे ऐकणाऱ्याला हसावं की गप्प बसावं ते कळत नसे.

मुरबाडच्या एसटी स्टँडवर त्यांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं. धसईची गाडी लागली की माणसं दाराला झोंबायची. काका ताठ उभे राहून सगळ्यांना वाट द्यायचे. "जा रे, तुमी व्हा पुढं. मेलेल्या माणसाला कसली घाई?" परकी माणसं हसायची. आमच्याकडची माणसं मान खाली घालून चढायची आणि खिडकीजवळची एक जागा त्यांच्यासाठी अडवून ठेवायची.

हे सगळं झालं कसं, ते मला थोडं आजीच्या वेळच्या बायकांकडून, थोडं आईकडून आणि बरंचसं काकांकडूनच कळलं. आमची कुळी घाटावरून खाली उतरलेली. उतरल्यावर पहिल्याच पिढीत एक जण खळ्यावर भात राखताना चोरांच्या हातून मेला. तो आमचा पहिला वीर. पुढे पणजोबांचा भाऊ गोऱ्यांच्या पलटणीत भरती झाला, बोटीने कुठे गेला तो गेलाच. त्याची ना माती मिळाली ना बातमी. माती नाही म्हणून त्याला वीर बसवला नाही, आणि त्यानंतर घरात जो पाळणा हलला तो रिकामा झाला, असं सांगतात. कोवळी पोरं एकामागून एक गेली. शेवटी कोणाचे तरी डोळे उघडले, त्या न परतलेल्याचा टाक केला, तेव्हा माझे आजोबा जगले. हे खरं का खोटं मला ठाऊक नाही. पण आमच्या घराला न परतलेल्या माणसाची धास्ती होती ती तेव्हापासूनची. काका भरतीला निघाले तेव्हा आजी उंबऱ्यात आडवी झाली होती. काका तिच्यावरून उडी मारून गेले. पुढे हे सांगताना ते म्हणत, "आयुष्यात तेवढी एकच लांब उडी मारली, पन भारी पडली."

एकाहत्तरची लढाई झाली तेव्हा मी काही महिन्यांची होते. लढाई संपली आणि काका बेपत्ता असल्याची तार आली. तार वाचायला धसईला जावं लागलं. बेपत्ता म्हणजे काय, हे बाबांनी तिथल्या मास्तरांना पुन्हा पुन्हा विचारलं. मेला का? नाही. मग जिता आहे का? तसंही लिहिलेलं नाही. बाबा तसेच परत आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत मला ताप भरला आणि तो काही केल्या उतरेना. मुरबाडचं औषध झालं, झाडपाला झाला. मी दूध ओढायची थांबले तेव्हा आजीने भगताला बोलावलं. भगताने सुपात तांदूळ टाकून पाहिले आणि सांगितलं, "तुमचा गडी बाहेर उभा हाय. त्याला बसायला जागा नाय. मागं एकाला नाय बसवला तवा काय झालं, इसरलात का?"

आजीला आणखी काही सांगावं लागलं नाही. आपल्या हातांनी तिने पाटल्या उतरवल्या, मोडल्या, आणि टाक घडवून आणला. शिमग्याला तो बसवला. धुळवडीला आमच्याकडे वीर नाचवतात. टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवायचा, वर लाल फडकं टाकायचं आणि घरच्या कर्त्या पुरुषाने तो हातात धरून ढोलावर होळीभोवती नाचायचं. मग नदीवर नेऊन टाकाला आंघोळ घालायची, घरी आणून नैवेद्य दाखवायचा. त्या वर्षी बाबा आपल्या धाकट्या भावाला हातात घेऊन नाचले. आई म्हणते, नाचताना ते ओक्साबोक्शी रडत होते. आणि त्या आठवड्यात माझा ताप उतरला.

वर्षअखेरीला काका आले. सरहद्दीपलीकडच्या तुरुंगात होते, कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा सुटले. पलटणीने पुन्हा तार केली होती, पण ती पोचायच्या आधी काकाच पोचले. धसईवरून चालत आले. आजी अंगणात वाल पाखडत होती. तिने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, पायांकडे पाहिलं. पावलं सरळ आहेत का उलटी, ते पाहिलं. मग भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाणी ओवाळलं, आणि सूप टाकून आत जाऊन देवघरासमोर बसली. ती काकांना कवटाळून रडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती रडली, पण टाकासमोर बसून रडली. तिने जित्या लेकाला आपल्या हातांनी मारून देवात घातलं होतं, हे तिच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. काका मला एकदाच बोलले होते, "आयेच्या डोळ्यांत मी परत आलोच नाय गो."

टाक काढून टाकायला किती वेळ लागतो? हाच प्रश्न मीही विचारत असे. पण भगताने सांगून ठेवलं होतं की बसवलेला वीर उठवता येत नाही. उठवलाच तर ज्याच्या जिवासाठी बसवला त्याच्यावर उलटतो. म्हणजे माझ्यावर. माझ्यानंतर आईला मूल झालं नाही, त्यामुळे घरात मी एकटीच होते. बाबांनी टाकाला हात लावू दिला नाही. बाबा वाईट नव्हते, घाबरलेले होते, आणि पाळण्यातल्या पोरीसाठी घाबरलेल्या बापाला कोण काय समजावणार? काकांनी माझ्या पाळण्याला एक झोका दिला, ट्रंक उचलली आणि पलटणीत परत गेले.

याची खरी किंमत त्यांना कळली ती लग्नाच्या वेळी. शहापूरकडची एक मुलगी सांगून आली होती, आटगावच्या बाजूची. काकांना पसंत होती, तिलाही होते म्हणतात. सुपारी फुटायच्या आधी मुलीच्या वडिलांना कुठून तरी टाकाचं कळलं. ते स्वतः आले, भले गृहस्थ होते, चहाही प्यायले. मग बाबांना म्हणाले, "पाव्हनं, रागावू नका. पन पोरगी कोनाला देऊ? बाशिंग मानसाला बांधू का टाकाला?" त्यानंतर दोन-तीन ठिकाणी असंच झालं. ज्या घराने जित्याला वीर केला त्या घरात मुलगी द्यायची म्हणजे वैधव्य बांधूनच द्यायची, असं बायका पाणवठ्यावर बोलत. काकांनी मग सुट्टीवर येणंच कमी केलं. लग्न राहून गेलं, म्हणजे राहूनच गेलं.

हे सगळं माझ्यापायी, हे मला आईने मी दहावीला असताना सांगितलं. मी दोन दिवस जेवले नाही. काका सुट्टीवर आले तेव्हा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी बुटाला पॉलिश करणं थांबवलं नाही. म्हणाले, "मंदे, तू तापात होतीस, मी तुरुंगात होतो. दोघंबी वाचलो. कोन कोनामुळं वाचला ते भगतालाच ठाव. तू अभ्यास कर." आणि बुटाची दुसरी बाजू घासायला घेतली.

पेन्शनवर आल्यावर ते भातसानगरला रखवालदार म्हणून लागले. धरणाच्या वसाहतीत एक खोली मिळाली होती. शनिवार-रविवार गावी यायचे. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि भिंतीला टांगलेला गणवेशाचा कोट. धुळवडीची ड्यूटी ते दर वर्षी मागून घेत. बाकीच्या रखवालदारांना घरी सोडायचे आणि स्वतः गेटवर बसायचे. गावात त्या दिवशी त्यांचा टाक नाचत असायचा आणि इथे ते आल्यागेल्याला सलाम करत बसलेले असायचे. कधी सुट्टी पडून ते गावातच असले तर आपल्या खोलीतून बाहेर येत नसत आणि अन्नाला शिवत नसत. आई पान वाढून बोलावून बोलावून दमायची. "माझा नैवेद्य दाखवला ना? मग झालं माझं जेवन," म्हणायचे.

माझं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. मांडव घालायचं चाललं होतं. बाबा ओटीवर सुपारी कातरत बसले होते. काका जवळ जाऊन बसले. मी आत हळदीची भांडी पुसत होते, सगळं ऐकू येत होतं.

"भाऊ, पोर उजवली. आता तरी उठव मला."

"तिला एखादं लेकरू होऊ दे. मग बघू."

"मग म्हनशील, त्या लेकराचं लगीन होऊ दे."

बाबा अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "तू जिता हायेस ना? चालतोस, फिरतोस, पेन्शन घेतोस. त्या चांदीच्या तुकड्यानं काय अडलंय तुझं?"

काका हसले. काय अडलंय, हे आपल्या सख्ख्या भावाला सांगावं लागतं, याचंच त्यांना हसू आलं असणार. उठले आणि मांडवाला आंब्याचे डहाळे बांधायला गेले. लग्नाच्या दिवशी एक म्हातारी माझ्या हळदीला त्यांचा हात लागू नये म्हणून कुजबुजली. ते काकांच्या कानावर गेलं असावं. मंगलाष्टकांच्या वेळी मी मान वळवून पाहिलं तर ते मांडवाबाहेर रस्त्यावर उभे राहून जीपगाड्या लावून घेत होते. माझ्या पाठवणीला मात्र पुढे आले आणि कडक सलाम ठोकला. मी त्या सलामाला रडले, बाकी कशाला नाही.

मी आटगावजवळ सासरी आले. नवरा रोज लोकलने कल्याणला जाणारा, घर साधं, माणसं चांगली. काका भातसानगरहून पंधरवड्यातून एकदा तरी यायचे. येताना वालाचे दाणे किंवा गावचे तांदूळ आणायचे, अर्धा तास बसायचे. माझी मुलगी सोनल झाल्यावर अर्ध्याचा एक तास झाला. तिला ते 'रंगरूट' म्हणत. तिला ओळीत उभं राहायला शिकवायचे, एकटीलाच. ती ओळीत उभी राहून हसायची आणि हे खोटं खोटं रागवायचे. त्यांच्या तोंडावर मी कधी नव्हे तो निवांतपणा पाहिला तो त्या तासात.

दोन हजार सालाच्या आसपास बाबा गेले. अंगणातच बसल्या बसल्या गेले. पुढची धुळवड आली तेव्हा भावकीने विचारलं, आता वीर कोण नाचवणार? घरात पुरुष एकच उरला होता. काकांनी नोकरी सोडून गावी येऊन आईच्या सोबतीला राहायला सुरुवात केली होती. मी होळीच्या दिवशी सोनलला घेऊन गावी गेले. जाताना ठरवूनच गेले होते.

"काका, उद्या टाक नाचवायचा नाही. नदीत सोडायचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, सोनलकडे पाहिलं.

"मी तिशी गाठली," मी म्हटलं. "मला काही होत नाही. आणि जो नियम करून गेला तो भगतही मेला, त्याला कोणी वीर केला नाही. आता तुम्हाला अडवणारं कोणी नाही."

"हाय ना. मीच हाय."

"मग मी सांगते म्हणून सोडा. माझ्या जिवासाठी बसवला होता ना? माझा जीव, मी सांगते."

आई चुलीपाशी ऐकत होती. काकांनी विचारलं, "ऑर्डर हाय का?" मी म्हटलं, "ऑर्डर." मग ते आत गेले आणि कोटाची बटणं घासत बसले.

सकाळी ते कोट घालून, पदकं लावून नदीवर आले. भावकीतलं कोणी आलं नाही. आईसुद्धा उंबऱ्यातच थांबली. मी, सोनल आणि काका. मार्चमधली नदी, डोहातही जेमतेम गुडघाभर पाणी आणि बाकी सगळी खडकं. काका पाण्यात उतरले, टाक तळव्यावर घेतला, एकदा नीट पाहिला. "घोडा बरा काढलाय सोनारानं," म्हणाले आणि हात पाण्याखाली नेऊन उघडला. वर आले ते वेगळेच होऊन आले. वाटेत पोरांनी रंगाचं पाणी मारलं तर ओरडले नाहीत, उलट ओंजळीने पाणी घेऊन त्यांच्या मागे लागले. पदकं लावलेला साठीच्या घरातला माणूस चिखलात पोरांमागे धावतो आहे, हे गाव बघत राहिलं. सोनल तर त्यांच्यासोबत नखशिखान्त भिजली. घरी आल्यावर म्हणाले, "वैनी, वाढ. भूक लागलीय." धुळवडीला त्यांच्या तोंडून हे शब्द आई पहिल्यांदा ऐकत होती.

पान वाढून झालं. काका बसले, पाणी फिरवलं, भात कालवला. मांडीवर येऊन बसायला त्यांनी सोनलला हाक मारली. ती भिंतीला टेकून बसली होती, उठेना. त्यांनी हात लांब करून तिच्या कपाळाला लावला आणि तो तसाच ठेवला. मग मला म्हणाले, "मंदे, हात लाव." अंग तापलं होतं. सकाळपासून गार पाण्यात उंडारल्यावर चार वर्षांच्या पोरीला दुसरं काय होणार? मी तसं म्हटलंही. पण काका पानावरून उठले होते. कालवलेला भात तसाच राहिला.

धुळवडीला एसटी बंद. मी जीप मिळवून सोनलला धसईला नेलं. डॉक्टर केसांतला गुलाल झटकत दार उघडायला आले. तपासलं, घसा बघितला, औषध दिलं, साधा ताप आहे म्हणाले. मी परत निघाले. पुलावरून खाली पाहिलं तर काका डोहात वाकलेले. कोट काठावर घडी करून ठेवलेला, पँट मांड्यांपर्यंत गुंडाळलेली. वाकून तळाची वाळू ओंजळीने वर काढत होते, बोटांतून गाळत होते आणि पुन्हा वाकत होते. मी जीप थांबवली, सोनलला जीपवाल्यासोबत आईकडे पुढे पाठवलं आणि धावत खाली गेले.

"काका, साधा ताप आहे! डॉक्टर म्हणाले, साधा आहे! या बाहेर!"

"साधाच असतो गो. तुझाबी साधाच होता."

"टाकाने काही होत नाही. तुम्हीच थट्टा करत आलात ना इतकी वर्षं?"

"माझ्या जिवाची केली. पोरीच्या जिवाची नाय करायची."

मी काठावर उभी राहून ओरडत होते. त्यांना, भगताला, मेलेल्या बाबांना, तोंडाला येईल ते बोलत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि वाळू काढत राहिले. ऊन कलायला लागलं तेव्हा त्यांना तो मिळाला. दोन दगडांच्या सापटीत अडकला होता. त्यांनी तो वर धरला आणि माझ्याकडे बघून हसले. खरं सांगायचं तर त्यांच्या हातात चांदी चमकली तेव्हा मला संताप आला आणि तेवढंच हायसंही वाटलं. दोन्ही एकदम. ज्याला पोर आहे त्याला हे समजेल.

घरी येऊन त्यांनी स्वतः टाक धुतला, पुसला, गंध लावलं आणि देवघरात बसवला. संध्याकाळी सोनलचा ताप उतरला. औषधाने उतरला. भावकीतली माणसं मात्र दारात येऊन "बघितलंस?" अशा नजरेने उभी राहिली. मी मागच्या पडवीत जाऊन रडत बसले. काका माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "आजवर मला दुसऱ्यांनी बसवलेला होता, म्हनून टोचायचं. आज मी माझा मी बसलो. आता तक्रार नाय. तूबी करू नकोस." मी मान हलवली नाही. आजही ती तक्रार माझ्या मनातून गेलेली नाही.

त्यानंतर दर धुळवडीला ते स्वतःचा वीर स्वतः नाचवू लागले. नाचायचं अंग त्यांना नव्हतं, होळीभोवती कवायतीसारखे चालायचे, वाटी छातीशी धरून. पहिल्या वर्षी पोरं हसली. दुसऱ्या वर्षापासून ढोलवाले त्यांच्या पावलाला ढोल मिळवू लागले. अन्नाला मात्र त्या दिवशी ते शिवत नसतच. आई दोन पानं वाढायची, एक देवघरासमोर टाकाला आणि एक त्यांना. एक कावळ्याला जायचं आणि दुसरं गाईला.

पुढे काही वर्षांनी पावसाळ्यात त्यांच्या छातीत कफ धरला. मी भेटायला गेले तेव्हा आवाज बसला होता, थट्टा शिल्लक होती. "मंदे, आता कायदेशीर व्हईन," म्हणाले. सोनल आता मोठी झाली होती, पण ते बोलले म्हणून खाटेपाशी ओळीत उभी राहिली, एकटीच. चार दिवसांनी ते गेले. बाराव्याला मी भावकीला विचारलं, टाक करायचा ना? "कशाला? हाय की," एक जण म्हणाला. "तुझ्या आजीने तवाच केलाय." कोणाचंच काही चुकत नव्हतं. काका खरोखर मेले तेव्हा आमच्या घरात त्यांच्यासाठी करण्यासारखं नवीन काही उरलंच नव्हतं, आणि या गोष्टीचं मला जेवढं वाईट वाटलं तेवढं मरणाचंही नाही.

पुढच्या धुळवडीला वीर न्यायला भावकी आपणहून आली. ज्या बायका पाणवठ्यावर वैधव्याचं बोलल्या होत्या, ज्यांना हळदीला त्यांचा हात नको होता, त्या सगळ्यांनी टाकाला हात जोडले. आता त्यांच्यात काही खोट राहिली नव्हती. भावकीतल्या एका चुलतभावाने वीर नाचवला, बरा नाचवला. नदीवरून परत आणला. आईने नैवेद्य दाखवला आणि सवयीने बाजूला दुसरं पान मांडलं. भात, वालाचं बिरडं, पापड, सगळं साग्रसंगीत वाढलं.

"आई, काका गेले ना," मी म्हटलं आणि ते पान उचलायला वाकले.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "धुळवडीला तो मेलेल्याचं जेवन जेवला, जित्याचं कंदी जेवला नाय. एकदा बसला तर पानावरून उठून गेला. ते पान परत उचलायचं नाय." तिने पाट सरळ केला. "तू बस. तुझ्यापायी ऱ्हायलेलं पान, तुझंच हाय ते."

मी बसले. सोनल समोर उभी राहून बघत होती. मी पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि पानात एक शीतही न ठेवता जेवले.